परसराम, चांगल्या दरवाज्याला हात लावलास

परसराम,

तुझ्या तेरवीच्या पंगती उठल्या, तांड्यावरची मंडळी आपापल्या वाहनांनी निघून गेली, आणि मी हात धुऊन सवयीने तुझ्या शेडकडे वळलो. तू गेलास हे डोक्याला ठाऊक होते, पायांना नव्हते. शेडमध्ये कंप्रेसर गप्प होता. माझी चारचाकी ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्रीचा कोपरा मी उचलला आणि तसाच उभा राहिलो. मडगार्डावर चंदेरी रंग तू मारून ठेवला होतास, त्यावर क्लिअर, म्हणजे चमकीचा पारदर्शक हात, मारायचे राहिले होते. क्लिअर न मारलेला चंदेरी म्हणजे चुलीतली राख. त्याला चमक नसते, खोली नसते. तो नीट जुळला आहे की नाही, हे तुझ्यासारख्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. तू मला नेमके अशाच जागी सोडून गेलास.

तुझ्यावर चार शब्द लिहून द्यावेत, असे मला दोन-तीन जणांनी सांगितले. महागाव तालुक्यात कोणी गेले की तो मजकूर माझ्याकडूनच लिहून घेण्याचा प्रघात आहे, हे तुला माहीत आहे. मी लिहायला बसलो. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, ही विशेषणे लेखणीतून आपसूक उतरली. वाचून पाहिले तर कागदावर तू नव्हतासच. तू मनमिळाऊ कुठला? गिऱ्हाइकाने घाई केली की त्याची गाडी अर्धवट पेपर मारलेल्या, म्हणजे घासलेल्या, अवस्थेत बाहेर ढकलून देणारा तू. हसायचास, पण नेहमी दुसऱ्याला. म्हणून तो कागद मी फाडला आणि हे सरळ तुलाच लिहितो आहे. अर्जाला मायना लागतो, विषय लागतो, शेवटी विनंती लागते. या मजकुराला यातले काय लावावे, ते मला अजून उमगलेले नाही.

आपण एका बाकावरचे. तू सातवीत शाळा सोडून नागपूरच्या गॅरेजात गेलास. मी नववीपर्यंत रेटले. परिस्थितीमुळे शिक्षण तेथे थांबले, वाचन मात्र मी थांबू दिले नाही, आणि म्हणूनच तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली आज अर्ज लिहिणारा म्हणून जी काही प्रतिष्ठा आहे ती आहे. तू परत आलास तेव्हा हातात स्प्रेची गन होती आणि तोंडात नागपूरची भाषा. मला पाहून म्हणालास, "कायले रे भिया, कागदं काळे करून राह्यला काय?" तुझ्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भावाला भिया म्हणतात. मला भिया म्हणणारा तू एकटा. चारचौघांत मात्र मुद्दाम 'रायटरसाहेब' म्हणायचास, आणि त्यातल्या 'साहेब'वर असा काही जोर द्यायचास की ऐकणाऱ्याला हसू यावे.

तुझ्या धंद्याची थोरवी मला प्रथम पटली नव्हती. रंग म्हणजे डब्यातून काढून लावायची वस्तू, अशी माझी समजूत. ती तू एका दुपारी मोडलीस. लाल, पांढरा, काळा हे रंग सरळ चालीचे असतात, चंदेरीचे तसे नाही, असे सांगून तू मला उन्हात उभे केलेस. चंदेरीत धातूची बारीक कणी असते. ती आडवी निजली की उजेड परत फेकते, तिरपी झाली की गिळते. म्हणून एकाच डब्यातला रंग, एकाच हाताने, कोरडा मारला तर उजळ येतो आणि ओला मारला तर गडद. समोरून सख्खा वाटणारा रंग बाजूने पाहिला तर परका निघतो. मी विचारले, कंपनीने प्रत्येक गाडीच्या रंगाला नंबर दिलेला असतो, त्या नंबरचा रंग मागवला की प्रश्न मिटला ना? तू म्हणालास, "नंबर म्हंजे जन्माचा दाखला हाय भिया. म्हातारपणी माणूस कसा दिसते, थे दाखल्यात नसते." दाखल्यांवर माझे पोट चालते, त्यामुळे हे वाक्य मला लागले आणि आवडलेही. पुढे मी ते दोन-तीन सभांतून स्वतःचे म्हणून सांगितले. तुला ते कळले होते. तू फक्त एवढेच म्हणालास, की चोरलेल्या वाक्यालाही क्लिअर मारून वापरावे, नाहीतर उघडे पडते.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी तुझ्या कामी यायच्या. गुळगुळीत पाठीवर रंगाचा झोत मारायचा, वाळला की अर्ध्या भागावर क्लिअर, आणि पत्रिका तारेला टांगायची. कोणाकोणाच्या संसाराच्या पाठीवर किती किती चंदेरी. सकाळचे ऊन आडवे आले की एकेक पत्रिका गाडीला टेकवून, मान वाकडी करून, बसून, उठून पाहायचास. संध्याकाळी कोणी रंगाची शेड, म्हणजे छटा, विचारली तर उत्तरच द्यायचा नाहीस. दिवे लागल्यावर रंग खोटे बोलतात, असे तुझे म्हणणे.

तू नेहमी बरोबर असायचास, असे मी लिहिणार नाही. एका ठेकेदाराच्या मरून जीपचे बॉनेट तू रंगवलेस आणि त्यावर ढग उमटले. आषाढातल्यासारखे, गठ्ठेच्या गठ्ठे. सगळ्या बसस्टँडने ते पाहिले. चूक कबूल करण्याऐवजी तू म्हणालास, "मालकच ढगाळ हाय, रंग काय करीन?" पुढे ते बॉनेट तू गुपचूप उतरवून पुन्हा रंगवलेस, हे खरे. पण कबूल केले नाहीस, हेही खरे. आपण दोघेही त्या बाबतीत एकाच डब्यातले.

आणि माझी पाटी. लिंबाखालच्या आम्हा सर्वांच्या पाट्या दर उन्हाळ्यात सोलून निघतात. माझी नाही. गाडीचा निळा चंदेरी, त्यावर पांढरी अक्षरे, त्यावर दोन हात क्लिअर, अशी ती तू करून दिलीस आणि स्वतः येऊन टांगलीस. ओले फडके फिरवले की नवी. लोक थांबून ती पाटी पाहतात आणि मला नमस्कार करतात. तुझे जे एक काम या गावाला उघड दिसते, त्यावर नाव माझे आहे. ही गोष्ट तू असताना मला कधी खटकली नाही. आता रोज सकाळी खुर्ची मांडताना खटकते.

आता गाडीकडे येतो. तिच्यावरूनच आपले शेवटचे बोलणे झाले.

ती मी जुनी घेतली होती, पण घेताना एक गोष्ट पारखून घेतली होती. तिच्या सर्व भागांवर कंपनीचा मूळ रंग होता. कोठेही दुसरा हात लागलेला नव्हता. जाणकार माणूस बोटाच्या पेराने पत्रा वाजवून ते ओळखतो. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाजवून दाखवीत असे. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या फाटकाजवळ एका ट्रॅक्टरची ट्रॉली मागे आली आणि डाव्या बाजूचे पुढचे मडगार्ड आत गेले. दरवाज्याला ओरखडाही नव्हता. मी गाडी तुझ्याकडे आणली, आणि तू मडगार्डाकडे एकदा पाहून दरवाज्यावर हात ठेवलास. म्हणालास, दरवाज्यालाही पेपर मारावा लागेल.

मी ताठरलो. का, ते तुला ठाऊक होते. ज्याचे नुकसान झाले त्याचीच दुरुस्ती व्हावी, ज्याचा संबंध नाही त्याला गोवू नये, हे तत्त्व मी अर्जांतून इतक्या वेळा मांडले आहे की ते माझ्या रक्तात आहे. शिवाय दरवाज्याला तुझा हात लागला की तो कंपनीचा राहणार नव्हता. तू समजावलेस. मडगार्डाच्या कडेवर नवा रंग थांबवला तर जुना आणि नवा समोरासमोर येतात, आणि कितीही जुळवले तरी डोळा तेथे अडखळतो. म्हणून नवा रंग चांगल्या दरवाज्यावर थोडा पुढे न्यायचा, पातळ पातळ करत विरवायचा, आणि क्लिअर मात्र अख्ख्या दरवाज्यावर मारायचे. मग सांधा कुठे आहे ते कोणालाच सापडत नाही. "चांगल्याले थोडं घेतल्याबिगर वाईट लपत नाही भिया," असे तू म्हणालास.

आणि मी ते वाक्य बोललो. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर होता, सोयाबीनच्या अडत्याचा माणूस होता, दोघांच्या देखत. उजव्या डोळ्यात तुझ्या दुधावरच्या सायीसारखे काही धरले होते, ते मी दोन उन्हाळे पाहत होतो. पत्रिका तू पूर्वीपेक्षा जवळ धरायला लागला होतास. थिनरचा डबा शोधताना हात आधी जायचा, नजर मागून. हे सगळे मी मनात साठवले होते आणि त्या क्षणी बाहेर काढले. मी म्हणालो, परसराम, तुझी नजर गेली आहे. मडगार्ड जुळवणे तुला आता जमत नाही, म्हणून तू दरवाजा मागतो आहेस.

कोणी हसले नाही. तू हात पुसलेस. बोटांच्या बेचक्यातून, सावकाश, जसा काम संपल्यावर पुसायचास. मग म्हणालास, "नजर गेली असंल भिया. शेड कुठं जाते? थे गाडीवरच हाय." आणि थोडे थांबून, "चाबी ठेवून जाय."

मी चावी ठेवली आणि आलो. दरवाज्याला हात लावू नये, एवढे जाताना पुन्हा बजावले.

त्यानंतर मी तुझ्याकडे फिरकलो नाही. मनाशी कारण असे लावले होते, की गेलो तर कामाची घाई करतो असे तुला वाटेल. हे कारण मला इतके व्यवस्थित वाटले की मी त्याची शहानिशाच केली नाही. तूही चहाला लिंबाखाली आला नाहीस. परसराम, झरी जामणीपासूनच्या पाहुण्या-रावळ्यांना डोळ्यांच्या शिबिरात बसवून देण्यासाठी मी विनंत्या लिहिल्या आहेत. म्हाताऱ्यांना हाताला धरून डॉक्टरांपुढे उभे केले आहे. तुझ्याबाबत माझ्या मनात ते येत होते आणि मी पुढे ढकलत होतो, कारण तू हसला असतास. तुझ्या हसण्याला भिऊन मी तुझ्याशी डोळ्याबद्दल गोड शब्द बोललो नाही, आणि बोललो तेव्हा ते बोललो.

मग वहिनींचा फोन आला. तू गनमधला रंग संपवून, पाणी पिण्यासाठी घराच्या ओट्यावर बसला होतास. पाण्याचा गडवा हातातच होता, असे त्या म्हणाल्या.

आता तेरवीच्या दिवशीचे सांगतो, कारण ते तुला ठाऊक नाही.

ताडपत्री पूर्ण काढली तेव्हा मला दरवाजा दिसला. दरवाज्याची चमक गेली होती. बारीक पेपर मारून तू तो अंध केला होतास, आणि मडगार्डाकडून नवा रंग त्याच्यावर येऊन, धुके विरावे तसा, दरवाजा उघडायच्या मुठीच्या जवळ कुठेतरी विरून गेला होता. मी स्पष्ट शब्दांत मनाई केलेली असताना. खिडकीच्या काचेवर तू कागद चिकटवला होतास तो साप्ताहिकाचा, आणि त्यात नेमके पाणीपुरवठ्यावरचे माझे पत्र वर आले होते. ते पत्र मी तुला वाचून दाखवले होते. तू मुद्दाम लावले असणार. कागद शेवटी कामी आला, असे काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणालाही असशील.

मला राग आला. मेलेल्या माणसाचा असा राग येतो, हे मला माहीत नव्हते. तुझ्या तेरवीच्या भाताचा वास अजून हाताला होता आणि मी मनात तुला नोटीस लिहीत होतो. कोणत्या अधिकाराने, कोणाच्या संमतीने. ती नोटीस मनात पूर्णही झाली. मग ती पाठवायची कुठे, हे आठवले.

पुसदचे रफिकभाई जेवायला आले होते. तेही तुझ्याच धंद्यातले, तुझे जुने प्रतिस्पर्धी, नागपुरात एकाच उस्तादाच्या हाताखालचे. ते माझ्या मागून शेडमध्ये आले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकले, मडगार्डाजवळ डोळा नेला, मग दूर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "रायटरसाब, बुरा मत मानो. शेड गाढा हाय. थोडा पिवळाबी वाटून राह्यला. उतरवून नव्यानं मारा लागीन." पुढे आवाज खाली आणून म्हणाले, की परसराम उस्ताद माणूस होता, पण गावात लोक त्याच्या डोळ्याचे बोलत होते ते खोटे नसावे.

ते लोक म्हणजे कोण, हे मी ओळखले. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर पुसदला रोज जातो.

रफिकभाईंचा त्यात वाईट हेतू नव्हता. तुझी शेड चालवायला घ्यावी का, हे पाहायला ते आले होते, हे वहिनींनाही माहीत होते आणि मलाही. पण तुझा शेवटचा रंग खरवडून काढला असता, तर पुसदपासून उमरखेडपर्यंत एकच गोष्ट गेली असती, की परसरामची नजर शेवटी गेलीच होती. आणि ती गोष्ट पहिल्यांदा बोलणारा मी.

वहिनी दारात उभ्या होत्या. किती वेळ, ते कळले नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, थे उतरवू नका. थो शेड त्याइचा नाई. माहा हाय."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी वहिनींकडे.

मग त्यांनी सांगितले ते असे. दोन उन्हाळ्यांपासून रंग तू कालवायचास, गन तू चालवायचास, पण पत्रिका गाडीला टेकवून पाहायच्या त्या वहिनी. सकाळी, गिऱ्हाईक येण्याआधी. तू विचारायचास आणि त्या त्यांच्या शब्दांत सांगायच्या. हा ज्वारीच्या पिठासारखा आहे, गाडी भाकरीसारखी आहे. याच्यात राख जास्त झाली. हा समोरून बरा, कडेनं पोरका. तू ते ऐकून थेंब थेंब काळा टाकायचास, कोरडा मारायचास, ओला मारायचास. तुझे हात आणि त्यांचे डोळे. तांड्यावर त्यांच्या याडीने, म्हणजे आईने, त्यांना लहानपणी घागऱ्याला आरसे लावायला शिकवले होते. वहिनी म्हणाल्या, "एक आरसा जरासा तिरपा शिवला गेला, का पूरी ओळ काळी दिसते. याडी उसवून लावाले लावे. हे चंदेरी म्हंजे बारके बारके आरसेच हायत ना भाऊजी. आडवे पडले का उजळ, तिरपे झाले का काळे. मले तं पयल्या दिवशीच समजलं."

रफिकभाई वाकले. त्यांनी मडगार्डाकडे पुन्हा पाहिले.

मी विचारले, मला का सांगितले नाही? माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. वहिनी पदराआड थोडे हसल्या, परसराम. तेराव्या दिवशी, पहिल्यांदा. म्हणाल्या, "थे म्हणत, भियाले सांगू नको. समजलं का डोयाचा अर्ज लिहीन अन् मले गाडीत घालून दवाखान्यात नेईन. मंग कामाचे दिवस जातीन."

म्हणजे तुला ठाऊक होते. मी नेले असते, याची तुला खात्री होती. मला स्वतःला नव्हती तेवढी तुला होती. आणि त्या खात्रीला भिऊन तू गप्प राहिलास, मी तुझ्या हसण्याला भिऊन गप्प राहिलो, आणि दोघांच्या मध्ये जी मोकळी जागा उरली तिच्यात मी ते वाक्य नेऊन उभे केले. तू तेव्हा फक्त एवढे म्हणायचे होतेस, की अरे, पाहते ती. म्हणाला नाहीस. दोन परक्या माणसांदेखत बायकोचे नाव काढून स्वतःला सोडवून घेतले नाहीस. तू तसाच. ढगाळ बॉनेटवाला.

रफिकभाईंनी रीतसर अडचण मांडली. नुसता रंग इतके दिवस उघडा राहिला, त्यावर सरळ क्लिअर धरणार नाही. त्याच रंगाचा एक पातळ हात पुन्हा मारावा लागेल, आणि क्लिअर बसल्यावर शेड चुकली असे दिसले तर मडगार्ड, दरवाजा, सगळेच पत्र्यापर्यंत उतरवावे लागेल. गाडी तुमची आहे, तुम्ही सांगा. वहिनींनी फळीवरून घट्ट झाकणाचा डबा काढला. तुझ्या हातचे कालवलेले शिल्लक त्यात होते. झाकण उघडले तर वर नुसते पाणचट दिसत होते, चंदेरी सगळी तळाशी जाऊन बसली होती. वहिनी पट्टीने ढवळू लागल्या, आणि हळूहळू तळातून उजेड वर आला.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, की तोंडी बोलण्याला किंमत नसते, लिहून घ्या. त्या दिवशी मी तोंडीच म्हणालो, "मारा रफिकभाई. दरवाज्यासकट."

त्यांनी जमिनीवर पाणी शिंपडले, धूळ बसवली. तुझी गन त्यांनी हातात घेतली, एकदा कपाळाला लावली. रंगाचा पातळ हात झाला. तो वाळला, आणि मग क्लिअर. वहिनी माझ्या शेजारी पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि मधून मधून सांगत होत्या, हात जरा लांबून घ्या, तिथं ओलं होऊन राह्यलं. रफिकभाई ऐकत होते. क्लिअर बसू लागले तसे मडगार्ड गडद होत गेले. आणखी गडद. रफिकभाई म्हणाले होते तसेच झाले, असे मला वाटले, आणि तुझी बाजू मी हरलो, असेही वाटले. पण क्लिअर दरवाज्यावरून पुढे गेले तेव्हा दरवाजाही तितकाच खाली उतरला, तितकाच ओला, तितकाच खोल. वहिनी एवढेच म्हणाल्या, की सकाळी पाहू. दिवे लागायची वेळ झाली होती, आणि त्या वेळेला रंग खोटे बोलतात.

दुसऱ्या दिवशी ऊन आडवे असताना आम्ही गाडी ढकलून बाहेर काढली. रफिकभाई मुद्दाम मुक्कामी राहिले होते. समोरून पाहिले, बाजूने पाहिले, बसून पाहिले. त्यांनी गाडीला तीन बाजूंनी सावली करून पाहिली. मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि वहिनींना म्हणाले, की उद्या पुसदहून एक गाडी पाठवतो, चंदेरीच आहे, मला तिची शेड सापडत नाही. तुम्ही पाहून द्याल का? वहिनी म्हणाल्या, "सकाळी लौकर पाठवा. उशीर झाला तं मी शेतात जातो."

ते गेले. वहिनी घरात गेल्या. मी गाडीजवळ एकटा राहिलो.

परसराम, तुला सांगायचे ते एवढेच, की तू बरोबर होतास. दरवाज्याबद्दल बरोबर होतास. हे मी तुझ्या तोंडावर म्हणालो असतो की नाही, याबद्दल मी आज शपथ घेऊ शकत नाही. बहुधा दुसऱ्याच विषयावरून बोललो असतो आणि तुला चहा पाजला असता, आणि तुला ते समजले असते. तेवढेही राहिले.

मी मडगार्डावर हात ठेवला आणि मागे मागे नेला. दरवाज्यावर, मुठीपर्यंत, मुठीच्या पुढे. तू कुठे सुरू होतोस आणि कुठे संपतोस, ते मला शोधायचे होते. एकदा तरी हाताला काही लागावे, एखादी कड, एखादा खरखरीत कण, जिथे म्हणता येईल की इथपर्यंत परसराम. हात घसरत गेला. पेराने वाजवूनही पाहिले. काही कळले नाही.

आता गाडी लिंबाखाली माझ्या पाटीजवळ उभी असते. तिला ट्रॉली लागली होती, हे सर्वांना माहीत आहे. लोक येतात, थांबतात, विचारतात, "रायटरसाहेब, परसरामनं शेवटचं काम कुठं केलं हो?" मी खुर्चीवरून उठतो, गाडीपाशी जातो, दाखवायला बोट पुढे करतो, आणि बोट कुठे टेकवावे ते मला समजत नाही.